माप न सांगता केलेला नवस

आमच्या घरात देवीकडे काही मागायचं झालं तर ते आईनं मागायचं, अशी वहिवाट होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, देवळात नुसते हात जोडून उभे राहत. देवीला डोळे आहेत, तिला दिसतंच आहे, मग सांगायचं काय, असं त्यांचं म्हणणं. राहिली अक्का. अक्का अण्णांची थोरली बहीण. अण्णा तिला अक्का म्हणत, म्हणून आई म्हणू लागली, मी म्हणू लागले आणि पुढे सगळी गल्लीच म्हणू लागली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती मोकळ्या कपाळानं माहेरी परत आली होती. अंबाभवानीच्या देवळात जायला तिला कुणाची ना नव्हती. नवस बोलायलाही ना नव्हती. फक्त फेडताना ओटी भरायची ती सवाष्णीच्या हातानं, म्हणजे आईच्या. अर्ज अक्काचा आणि सही आईची, असा तो कारभार होता. अक्का त्याबद्दल कधी बोलली नाही, पण ओटीच्या दिवशी तिला दुकानात हटकून काम निघे.

आम्ही शिंपी. राजांच्या फौजा बेंगळुरात आल्या तेव्हा त्यांच्यामागून आमचे पूर्वज सुई-दोरा घेऊन आले, असं घरात सांगत. फौजा परत गेल्या. आमचे लोक राहिले. बहुधा कुणाचे तरी कपडे शिवून व्हायचे होते. घर बसवनगुडीत, दुकान चिकपेटेत. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कानडी आणि उंबऱ्यावर उभं राहून जे बोलायचं ते दोन्हीत.

दुकानाच्या मागच्या खोलीत अक्का हातशिलाई करायला बसे आणि तिच्यासमोर काजवाली. ही बाई तमिळ किरिस्तांव, दंडूतून रोज चालत यायची आणि दिवसभर काजं करायची. दंडू म्हणजे छावणी, जिथं पूर्वी गोऱ्या पलटणी असायच्या तो शहराचा भाग. आमच्याकडचे लोक तिकडे जायचं तर दशम्या बांधून निघत. काजवाली मात्र तिकडून रोज येते आणि रोज परत जाते याचं कुणाला काही वाटत नसे. तिचं घर ब्लॅकपल्लीत, मेरीमातेच्या मोठ्या देवळाच्या मागच्या गल्लीत होतं. त्या वस्तीचं नाव बदलून शिवाजीनगर झालं तेव्हा अण्णांनी दुकानात पेढे वाटले होते. काजवालीलाही दिला. तिनं खाल्ला आणि पुढेही ब्लॅकपल्लीच म्हणत राहिली.

त्या देवळाला ती कोविल म्हणायची. तमिळमध्ये देवळाला तोच शब्द, म्हणून अक्काच्या डोक्यात ते पहिल्यापासून देऊळच होतं, चर्च नव्हे. काजवालीच्या सांगण्याप्रमाणे तिथं आधी गवतानं शाकारलेली झोपडी होती. तिच्या खापरपणज्याच्याही आधीच्या लोकांनी ती बांधली आणि आत मातेला बसवलं. मग भिंती आल्या, मग सातासमुद्रापलीकडच्या पाद्र्यांनी टोकदार मनोरा आणि रंगीत काचा आणल्या. प्लेगात माणसं पटापट मरायला लागली तेव्हा लोकांनी मातेला गल्ल्यागल्ल्यांतून फिरवलं आणि प्लेग पळाला. तेव्हापासून हिंदू, मुसलमान, सगळेच सप्टेंबरात मातेच्या वाढदिवसाला येतात. नऊ दिवस झेंडा, प्रार्थना, आणि शेवटच्या दिवशी रथ.

"प्लेग चिकपेटेतूनपण पळाला होता," अण्णा मशीन न थांबवता म्हणाले. "इथं मारीअम्मानं पळवला."

"इथून पळाला तो तिकडं आला, अण्णा," काजवाली म्हणाली. "आमच्या मातेनं मग त्याला गावाबाहेर घातला."

हा वाद वर्षानुवर्षं चालला. प्लेग नक्की कुणी हाकलला ते शेवटपर्यंत ठरलं नाही, पण तो गेला होता याबद्दल एकमत होतं.

अक्काला त्या सगळ्या हकिकतीत एकच गोष्ट लागली होती. मातेला साडी नेसवतात. रोज बदलतात. आणि त्या साड्या भाविक बायका आणून देतात.

"कुठल्यापण बायका?" अक्कानं विचारलं.

"कुठल्यापण. तिथं कोण कपाळ बघत नाही, अक्का. लाइनीत उभं राहायचं, सांगायचं, यायचं."

त्या दिवशी अक्कानं एका सदऱ्याची कॉलर दोनदा उसवली.

हे झालं त्यानंतर थोड्याच दिवसांत मला ताप आला. पन्नास सालानंतरची गोष्ट, मी तेव्हा चार वर्षांची असेन. ताप उतरेना, मान वळेना, तेव्हा मला दवाखान्यात ठेवलं. आईला दिवस गेलेले, तिला साथीच्या वॉर्डात येऊ देत नव्हते. तिनं घरूनच अंबाभवानीला नवस बोलला. माझ्याजवळ अक्का होती. एका दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की आजची रात्र बघू. अक्का दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होती आणि शेजारी डबा घेऊन आलेली काजवाली. काजवालीनं गळ्यातला मातेचा बिल्ला काढून अक्काच्या हातात दिला. अक्कानं तो मुठीत धरला आणि मराठीत म्हणाली, "आई, पोर जगू दे. माझ्या हातानं तुला हिरवी साडी नेसवीन."

एवढंच म्हणाली. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते मला माझ्या नावासारखं पाठ आहे.

मी जगले. ताप गेला आणि जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. डॉक्टरांनी त्याला एक इंग्रजी नाव दिलं, मालिश करायला सांगितलं आणि फार अपेक्षा ठेवू नका म्हणाले. पण घरात त्या वेळी पायाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पोरगी वाचली होती. अंबाभवानीची ओटी आईनं बाळंतपणानंतर भरली. अक्का सप्टेंबरची वाट बघत राहिली.

अण्णांना तिनं मोहिमेच्या आदल्या दिवशी सांगितलं. अण्णा म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरची भवानी सोडून दंडूत कशाला?"

"बोललेय मी," अक्का म्हणाली.

अण्णांनी काजवालीला विचारलं की तुमचे ते झोपडी बांधणारे पूर्वज मुळात आले तरी कुठून. तिनं सांगितलं, जिंजीकडून. अण्णांनी पायाखालचं मशीन थांबवलं. जिंजीचा किल्ला मराठ्यांकडे होता. आमच्याच कुळातलं कुणीतरी तिथं तंबू शिवायला होतं, असं त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलं होतं. "मग आपण एका वाटेनंच आलो की," ते म्हणाले. "सरी, बरं तर. जा." जिंजीच्या पुढे अण्णांचा विरोध टिकला नाही.

अक्कानं साडी घेतली ती इरकली, हिरवीगार, तांबड्या पदराची आणि अर्थातच नऊवारी. अक्काच्या लेखी साडी म्हणजे नऊ वार. सहा वाराला ती तुकडा म्हणायची. साडीबरोबर खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि कुंकवाची डबी. सगळी ओटीची तयारी. आईनं ते बघितलं आणि विचारलं, "त्यांच्यात चालतं काय हे?" अक्का म्हणाली, "कडेवर पोर आहे तिच्या. लेकुरवाळीची ओटी भरायला कुणाला विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी अक्का, काजवाली आणि मी त्या देवळात पोचलो. तिथं मातेला साडी नेसवायचं काम दोन वयस्क बायकांकडे होतं. त्यांनी ओटीतला नारळ आणि तांदूळ ठेवून घेतले, कुंकवाची डबी बाजूला ठेवली आणि साडी उलगडायला लागल्या. ती उलगडत गेली, उलगडत गेली आणि संपेना. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. काजवालीला तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या.

"कापायला पाहिजे म्हणतात, अक्का. वर तीन वार जास्त आहे."

"नवसाच्या कापडाला कात्री लावायची नाही," अक्का म्हणाली.

कात्रीवर ज्या घराचं पोट चालतं त्या घरातली ती बाई. पण ती हटली नाही. त्या दोघीही हटेनात. मातेला आजवर सहावारीच नेसवली होती. आत गेलेल्या पाद्रीबाबांना बोलावणं गेलं. ते आले. म्हातारे होते आणि त्यांना जेवायला उशीर झाला होता. त्यांनी साडीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, काजवालीच्या कमरेवर लटकलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की ज्या बाईनं आणली तिला येत असेल तर तिलाच नेसवू द्या. आणि जेवायला गेले.

म्हणून अक्कानं नेसवली. नऊ वारांतला कासोटा घालायचा तर मूर्तीला पाय वेगळे नव्हते. तेव्हा तिनं सगळं कापड निऱ्यांत घातलं. निऱ्यांवर निऱ्या, त्यावर निऱ्या. मला त्यातलं आठवतं ते एवढंच, की अक्काच्या तोंडात टाचण्या होत्या आणि ती रडत होती. तोंडात टाचण्या धरून रडणं सोपं नाही, पण शिंप्याच्या घरात सवय असते.

दर्शन उघडलं तेव्हा माता कमरेखाली चांगलीच रुंद झाली होती. लाइनीतली एक म्हातारी हात जोडून काहीतरी मोठ्यानं म्हणाली. काजवालीनं अर्थ सांगितला, "या वर्षी माता अंगानं भरलीय, वर्ष चांगलं जाणार म्हणते." अक्काचं तोंड त्या दिवशी जसं फुललं होतं तसं नंतर कधी दिसलं नाही, असं काजवाली सांगायची. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं कुणाची तरी ओटी स्वतःच्या हातानं भरली होती.

परत येताना बस स्टॉपवर अक्काचे हात भरून आले म्हणून तिनं मला खाली ठेवलं. मी डावीकडे कलंडले आणि बसकण मारली. तिनं उचलून उभं केलं. मी परत डावीकडे. आणि तिथं, सगळ्या गर्दीत, अक्काच्या लक्षात आलं की तिनं काय केलं होतं.

तिनं जगणं मागितलं होतं. चालणं मागितलंच नव्हतं.

तिचा विचार शिंप्याचा होता आणि त्यात कुठं टीप चुकलेली नव्हती. गिऱ्हाईक येतं, झंपर शिवा म्हणतं आणि माप न देता जातं. झंपर शिवून मिळतो. तो अंगाला बसत नाही. दोष कुणाचा? शिंप्याचा नक्कीच नाही. मातेनं सांगितलं तेवढं चोख केलं. पोर जगू दे म्हटलं, पोर जगली. दोन्ही पायांवर जगू दे असं म्हणायला किती वेळ लागला असता? आईनं भवानीला काय मागितलं होतं ते अक्कानं घरी येऊन विचारलं. आईनं मागितलं होतं, "लेक सुखरूप घरी येऊ दे." आणि भवानीनं मला सुखरूप घरी आणलंच होतं. म्हणजे तिकडेही तक्रारीला जागा नव्हती. पण आईनं ते वाक्य बोलून सोडून दिलं आणि विसरली. अक्कानं नाही.

त्या दिवसापासून मी चालायला लागले की अक्काची नजर माझ्या डाव्या पायावर जायची. वाकड्या गेलेल्या टिपेकडे बघावं तशी ती बघायची. मी स्वयंपाकघरात गेले की पायाकडे, बाहेरून आले की पायाकडे. माझं तोंड तिनं किती वेळा पाहिलं असेल सांगता येत नाही.

अण्णांनी आपली सोय वेगळी केली. मी उभी राहिले की कंबर डावीकडे झुके आणि परकर त्या बाजूनं लोळे. अण्णांनी माझे परकर डावीकडे किंचित आखूड बेतायला सुरुवात केली. उभी असले की घेर खालून सरळ दिसे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. शाळेतल्या मैत्रिणीचा परकर घालून पाहिला तेव्हा मला कळलं की जगातले बाकीचे परकर सगळीकडे सारखे असतात.

अक्का मात्र दर सप्टेंबरात दुरुस्तीला जाऊ लागली, मला घेऊन. देवळाबाहेर मेणाचे अवयव विकणारे बसत. हात, पाय, डोळे, बाळंतपणासाठी पाळणे, घर बांधायचं असेल तर मेणाचं घर. ज्याचं जे दुखेल ते विकत घ्यायचं आणि मातेच्या पायाशी ठेवायचं. अक्कानं घरून टेप आणली होती. तिनं माझ्या पायाचं माप घेतलं आणि विक्रेत्याला म्हणाली, "या मापाचा दे."

"साचा एकच आहे, अम्मा."

"हा पाय तर बाप्याचा आहे."

"मातेला कळतं, अम्मा."

"डावा कुठला, उजवा कुठला?"

विक्रेत्यानं हातातला पाय उलटसुलट करून पाहिला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. साच्यातला पाय डावाही नव्हता आणि उजवाही नव्हता, नुसता पाय होता. अक्काचा जीव वरखाली झाला. आत मातेच्या पायाशी शेकडो पाय पडलेले, त्यात आमचा कुठला, कुणाचा, कोणत्या बाजूचा, हे समजायचं कसं? परत माप न देता ऑर्डर दिल्यासारखंच. तिनं पिशवीतून निळा दोरा काढला, मेणाच्या पायाला बांधला, मला मूर्तीसमोर नेऊन उभं केलं आणि माझ्या डाव्या पायावर बोट ठेवून म्हणाली, "हा. डावा. गुडघ्यापासून टाचेपर्यंत." आमच्या मागची लाइन कंटाळून पुढे ढकलू लागली.

पुढच्या वर्षी हेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. फक्त माप वाढत गेलं, कारण मी वाढत होते. तिथं प्रार्थना तमिळमध्ये होत, इंग्रजीत होत, कानडीत होत. मराठीत एकटी अक्का बोलायची, तेही माप. मला त्या जागेचा राग नव्हता. खरं तर मला ती आवडायची. हजारो माणसं तिथं आपापलं मोडकंतोडकं घेऊन आलेली असायची. कुणी आंधळं, कुणी कुबड्यांवर, आणि माझ्या पायाकडे वळून बघायला कुणाला सवडच नसायची. लंगडत चालायला इतकी निवांत जागा बेंगळुरात दुसरी नव्हती. बसवनगुडीत तर भाजीवालीसुद्धा पायाकडे बघून स्वल्प कोथिंबीर जास्त द्यायची.

पंधराव्या वर्षी मी म्हटलं, आता मी येणार नाही. आई म्हणाली, तिचं मन मोडू नको. मी म्हटलं, माझा पाय मला त्रास देत नाही, अक्काचं बघणं देतं. हे मी आईला म्हटलं, पण घर लहान होतं. अक्का त्यानंतर काजवालीबरोबर एकटी जाऊ लागली. माझ्या पायाचं माप मागत नसे. परकर वाळत असले की त्यावरून घेई.

मग एका पावसाळ्यात अक्का मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ घसरली. कमरेचं हाड मोडलं. साठीच्या पुढची बाई, डॉक्टरांनी पायाला वजन लावलं, वाट बघितली आणि शेवटी घरी पाठवलं. मागच्या खोलीत खिडकीशी तिची बाज टाकली. ती बसू शकायची, पण उभी राहू शकत नव्हती. तिनं कुरकुर केली नाही. उलट एकदा आईला म्हणाली, "पोरीचा पाय माझ्या तोंडानं गेला. माझा गेला तर हिशेब पुरा झाला." आई तिला म्हणाली, काहीतरीच काय बोलता, वन्सं. मी दाराआड होते. तोवर मला वाटायचं की अक्काला माझ्या पायाचं दुःख आहे. तिला अपराध वाटतोय, इतकी वर्षं रोज वाटतोय, हे मला त्या दिवशी कळलं. मला इतकं वाईट वाटलं की मी तडक तिच्यावर चिडले आणि दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही. आमच्या घरात माया अशीच उलट्या बाजूनं शिवलेली असे.

सप्टेंबर आला. अक्का मातेचं नाव काढेना. अंथरुणात नऊवारी जमत नाही, तुला परकर शिवू, असं निमित्त करून मी तिच्या दोन्ही पायांची मापं घेतली. ती म्हणाली, "परकराला पोटरीचं माप कशाला गे?" मी म्हटलं, नवी फॅशन आहे. तिचा विश्वास बसला नाही, पण तिनं माप घेऊ दिलं.

मी एकटीच गेले. बसवनगुडीतून मार्केट, मार्केटमधून शिवाजीनगर. बाहेर दोन मेणाचे पाय घेतले. विक्रेता तोच होता आणि साचाही. डाव्याला निळा दोरा बांधला, उजव्याला लाल. लाइनीत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा मी मातेला मराठीत सगळं सांगितलं. कमरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, दोन्ही बाजू वेगवेगळ्या. कोणाचे पाय, कुठल्या गल्लीतलं घर, खोली मागची, बाज खिडकीशी. नुसतं जगू दे नव्हे, चालू दे. स्वयंपाकघरापर्यंत नव्हे, दुकानापर्यंत. कुणाच्या आधारानं नव्हे, आपली आपण. अक्काला शोभेल असं माप मी दिलं. साडी कबूल केली तीही सहावारी, म्हणजे तिथंही घोळ नको. मागच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं तरी पुरं सांगितल्याशिवाय हलले नाही.

आणि मग मी वाट पाहिली. दसरा गेला, दिवाळी गेली. अक्का बसल्या जागी तोरणं करत राहिली. डॉक्टर येऊन गेले आणि दाराबाहेर आईला म्हणाले, आता उठतील असं समजू नका. मला फार लागलं ते. मी भाविक आहे की नाही हे मला आजही सांगता येत नाही, पण त्या वर्षी मी अगदी मनापासून मागितलं होतं.

कार्तिकातला शेवटचा सोमवार आला, म्हणजे आमच्याकडे नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा. सगळ्या बसवनगुडीभर रस्त्यात शेंगांचे ढीग. मी ओल्या शेंगा आणून उकडल्या आणि दुपारची अक्काच्या बाजेवर जाऊन बसले. दोघी शेंगा सोलत होतो. मी म्हटलं, "अक्का, मी सप्टेंबरात मातेकडे गेले होते."

"कळलं मला. टेप तेव्हाच दिसली नाही घरात."

"तुझ्या पायासाठी."

मग तिनं विचारायला सुरुवात केली. धंदा तो धंदा. "डावा-उजवा सांगितलास?"

"दोन्ही. दोऱ्यासकट."

"कुठून कुठवर?"

"कमरेपासून टाचेपर्यंत. गुडघ्याला वेगळं."

"चालू दे म्हटलंस? का नुसतं बरं कर?"

"चालू दे. दुकानापर्यंत. आधाराशिवाय."

अक्कानं मनातल्या मनात सगळं पुन्हा तपासलं. सुटलेलं काही सापडेना. "मग?" ती म्हणाली.

"मग काय. बसलीयेस की तू इथं."

ती माझ्याकडे बघत राहिली. हातातली शेंग तशीच. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. या खेपेला तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे तिला मोठ्यानं रडता आलं. मी घाबरले. मला वाटलं, मी तिची उरलीसुरली आशाही घालवली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हणजे माप देऊनपण होत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे तुझा पाय माझ्यानं नाही गेला."

"नाही, अक्का. कधीच नाही."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर अण्णांनी वाळत घातलेला माझा परकर होता, डावीकडे आखूड. मग म्हणाली की मातेची साडी मात्र पोचवायला पाहिजे. तिला जमलं नाही म्हणून आपण शब्द फिरवायचा नाही. आणि न्यायचीच तर नऊवारी ने, तुकडा कशाला. मी म्हटलं, सरी.

"शेंगांबरोबर गूळ नाही आणलास?" ती म्हणाली. "जा, आण."

मी उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. सवयीनं दारात मागे वळून पाहिलं. अक्का शेंगा सोलत होती. तिनं माझ्या पायाकडे पाहिलंसुद्धा नाही.